एक नंबर वरची तार

गोडादरा, सुरत
८ डिसेंबर १९९६

ती. रघुनाथमामा,

नमस्कार. मामींना आणि तुमच्या दुकानाच्या ओट्यावर दिवसभर बसणाऱ्या रिकामटेकड्यांनाही सांगा.

फोनच करणार होतो. एसटीडीवाल्याकडे रांगेत उभाही राहिलो. मग आठवलं, मागच्या वेळी तुम्ही तिकडून "कोण बोलतंय, कोण बोलतंय" एवढंच करत राहिलात आणि मी इकडून ओरडून सगळी गल्ली गोळा केली. घण मारून मारून तुमचे कान गेले, त्यात माझा घसा कशाला घालवू. लिहिलेलं तुम्ही नीट वाचता.

काम आहे. आपण दोघांनी तुमच्या दुकानात उभी केलेली शंभर सीसीची गाडी आठवते ना? लग्नानंतर सुरतेला आणली तेव्हापासून ती जिन्याखाली बारदानात पडून होती. ती बाहेर काढलीय. इंजिन गोपालनं नवं करून दिलं. गोपाल म्हणजे माझा इथला दोस्त, आपल्या नंदुरबारकडचा, कामरेजला हायवेवर त्याचं गॅरेज आहे. गॅरेजच्या मागच्या पडीक रानात सव्वीस जानेवारीला मातीतली शर्यत ठेवलीय. टेकाडं रचलीत, वळणांवर पाणी सोडून चिखल करणार आहेत. बडोदा, वापीहून पोरं येणार. गोपालनं मला न विचारता माझं नाव देऊन टाकलं. आधी त्याला शिव्या घातल्या, आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच जाऊन मैदान बघून आलो.

मामा, पलसाण्याच्या मिलात रंगखात्याचा मास्तर झाल्यापासून मी खुर्चीतून उठतो तो कापडाचा रंग बघण्यापुरता. खात्यातली पोरं मला काका म्हणतात. मी चौतीस वर्षांचा आहे. धुळ्याला मी टेकाडावरून गाडी उडवायचो तेव्हा लोक झाडावर चढून बघायचे, हे त्यांना सांगितलं तर "हां काका, हां" म्हणतात. त्यांना एकदा दाखवायचंय, बाकी मला त्या शर्यतीचं काही नाही.

तर पुढच्या शॉकअपमधल्या स्प्रिंगा वळून पाठवा. तुमच्या जुन्या गंजल्यात, आणि गंजल्या नसत्या तरी त्या आता मला जमायच्या नाहीत. जुन्या कितव्या नंबरच्या तारेच्या होत्या ते तुम्हाला ठाऊक. आता एक नंबर वरची तार घ्या.

सुषमा बरी आहे. तिला हे पसंत नाही, पण तिला माझं काय पसंत असतं.

तुमचा भाचा,
योगराज


धुळे
१६ डिसेंबर १९९६

चि. योगराज,

तुला आणि सुषमाला आशीर्वाद. पत्र मामीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "याले आते हाई काय सुचनं?" मी म्हटलं, बरं सुचलं, मास्तर झाला म्हणून काय लोणचं घालायचं का पोराचं.

पण स्प्रिंग अशी पत्रावर वळत नसते बाबा. चपलेसारखं असतं ते, ज्याचं माप त्याचं. तू इथे होतास तेव्हा बासष्ट किलो होतास, त्यावर मी नऊ नंबरची तार घेतली होती. आता एक नंबर वर म्हणतोस, म्हणजे दहा. देतो, पण का ते कळू दे. बूट, हेल्मेट, जाकीट सगळं चढवून काट्यावर उभा राहा आणि जो आकडा येईल तो मला लिही. आकडा नसेल तर मी अंधारात तार वळणार.

श्रावणात तुला कावीळ झाली होती, हे तू कळवलं नाहीस. आपला सुकलाल एस.टी.वर ड्रायव्हर आहे, धुळे-सुरत गाडी त्याच्याकडेच असते. तो तुला बघून आला आणि इथे सांगत सुटला, योगराज पार वाळला, शर्ट खुंटीला अडकवल्यासारखा दिसतो. मामीच्या जिवाला तेव्हापासून घोर लागलाय. अजून तसाच असशील तर शर्यत राहू दे, आधी अंग धर.

वजन कळव. विसरू नको.

रघुनाथमामा


गोडादरा, सुरत
२२ डिसेंबर १९९६

ती. मामा,

कावीळ कधीच गेली. मामींना सांगा, घोर सोडा.

वजनाचं तेवढं विचारू नका. पलसाण्याला कापडाचे ताके तोलायचा मोठा काटा आहे. दिवाळीनंतर पोरांनी मला हसत हसत त्यावर ढकललं आणि आकडा मोठ्यानं वाचून दाखवला. सगळं खातं हसलं. शेठचा मुलगा तर डोळे पुसत होता. तो आकडा मी पुन्हा तोंडातून काढणार नाही, आणि लिहिणार तर नाहीच. पूर्वीचे कपडे अंगावर नीट बसत नाहीत, एवढ्यावरून काय ते समजा.

तुम्ही लिहिलंत ते बरोबर आहे. नऊ होती, आता दहा घ्या. इथे सुरतेत आमचा सगळा धंदाच धाग्याच्या नंबरावर चालतो, मी दिवसभर डेनियर डेनियर करत असतो. नंबर मला कळतो. तुम्ही निर्धास्त वळा.

पंधरवड्यात मिळाल्या तर सराव करता येईल.

योगराज


धुळे
२ जानेवारी १९९७

चि. योगराज,

झाल्या तुझ्या स्प्रिंगा. दहा नंबरची तार, वेढे आधीएवढेच, भट्टीत नीट शेकून तेलात काढल्यात. सुकलालकडे देतोय. तो शनिवारी दुपारी सुरतेच्या डेपोत पोचेल. स्वतः जाऊन घे, नाहीतर ते पार्सल त्याच्याबरोबर जाऊन-येऊन राहील.

आणि गड्या, चांगलाच उतरलास की. मी मामीला म्हटलं, बघ, पोराला आता आधीपेक्षा हलकी स्प्रिंग लागते, कपडेही सैल पडलेत. तिनं शनीला नारळ फोडला. माझे बाकीचे भाचे लग्न झाल्यावर धान्याच्या गोण्या झाले, तू एकटाच काटकुळा राहिलास. खात्यातले हसले तर हसू दे. टेकाडावर असलाच माणूस पाखरासारखा जातो.

आता नीट चालव आणि मला सविस्तर लिही. बरेच दिवस झाले, कुणी माझ्या तारेवरून उडी मारून.

मामा


गोडादरा, सुरत
९ जानेवारी १९९७

ती. मामा,

टोमणा पोचला. "काटकुळा" आणि "पाखरासारखा" वाचून गोपाल गॅरेजमध्ये अक्षरशः लोळला. हलकी स्प्रिंग काय, सैल कपडे काय, नारळ काय. तुम्ही म्हातारे झालात तरी सुधारणार नाही.

स्प्रिंगा झकास. शनिवारी आणल्या, गोपालनं संध्याकाळीच बसवल्या. गोडादऱ्याचे रस्ते तुम्हाला ठाऊक नाहीत, रिक्षात बसलं तर दात मोजून घ्यावे लागतात. पण मी गाडीवर गेलो तर गादीवर बसल्यासारखं. खड्डा आला कधी, गेला कधी, पत्ता नाही. गोपाल म्हणतो, मामांना सुरतेत आणा, इथेच दुकान टाकून देऊ.

रविवारी मैदानात नेली. बारक्या टेकाडांवर काही नाही. मोठ्यावरून खाली आलो तेव्हा पुढून धाडकन आवाज झाला आणि मनगटं झिणझिणली. तोंड जरा जास्तच खाली जातंय असं वाटलं. गोपाल म्हणाला, नवी आहे, जागा धरतेय. मग मी स्प्रिंगच्या डोक्यावर पाण्याच्या नळाचा तुकडा कापून घातला, चार बोटांचा. आता गाडी ताठ उभी राहते, मी बसलो तरी मान खाली घालत नाही. मोठ्या टेकाडावर अजून नेली नाही, पण आता काळजी नाही.

मामींनी नारळ खरंच फोडला असेल तर प्रसाद पाठवा.

योगराज


गोडादरा, सुरत
१० जानेवारी १९९७

ती. मामांना सुषमाचा वाकून नमस्कार.

मी तुम्हाला कधी लिहिलं नाही. आज यांना न सांगता लिहितेय.

तुम्ही यांना काटकुळा म्हणालात. यांनी तो टोमणा धरला आणि गोपालभाईंबरोबर हसले. मी पत्र पुन्हा वाचलं आणि मला काही हसू आलं नाही. टोमणा मारायला मामी कशाला नारळ फोडतील?

मामा, सुकलालभाऊंनी पाहिलं ते श्रावणातलं. त्यानंतर डॉक्टरांनी आराम सांगितला, ग्लुकोज सांगितलं, उसाचा रस सांगितला. मीही घाबरले होते, समोर येईल ते वाढत गेले. गणपतीपासून यांचं अंग जे सुटलं ते थांबेचना. त्या काट्यावर चौऱ्याण्णव किलो भरले. हेल्मेट-बूट वेगळे. कपडे सैल नाहीत, एकही शर्ट पोटावर मिटत नाही. जिना चढून आले की कठड्याला धरून उभे राहतात आणि मला सांगतात, चप्पल अडकली.

आता मला जी शंका आली ती सांगते. माझे वडील अमळनेरच्या मिलमध्ये सुतावर होते. सुताचा काउंट वाढला की सूत बारीक होतं, हे मी लहान असल्यापासून ऐकलंय. इथे सुरतेत आल्यावर सगळं उलटं शिकावं लागलं, इथे डेनियर वाढला की धागा जाड. यांना कापसाचं सूत माहीत नाही, इथला कृत्रिम धागाच माहीत. तुमच्या तारेचं कसं असतं? सुतासारखं असेल तर यांनी जाड तार मागितली आणि तुम्ही बारीक दिलीत.

आणि तसंच झालं असेल, तर मामा, यांना कळवू नका. होऊ दे ती चूक. गाडी धड चालली नाही की यांचं मन आपोआप उडेल. तुम्ही नीट करून दिलीत तर हे उतरणारच, आणि यांचं अंग आता त्या कामाचं राहिलेलं नाही. मी सांगून दमले. मला शर्यतीशी, पोरांच्या हसण्याशी काही घेणं नाही. सव्वीस तारखेला संध्याकाळी हे घरात ताटावर बसलेले दिसले पाहिजेत, एवढंच मागते.

तुमची सून,
सुषमा


धुळे
१५ जानेवारी १९९७

चि. सुषमा,

तुमची दोघांची पत्रं लागोपाठ आली. तुझं वाचून मी दुकान बंद केलं आणि घरी येऊन बसलो. तारेचं सुतासारखंच असतं बाई. नंबर वाढला की तार बारीक. तुझी शंका खरी आहे. बासष्ट किलोला नऊ दिली होती, चौऱ्याण्णवला मी दहा दिली. त्याला आठ द्यायला हवी होती.

पण तू म्हणतेस तसं गप्प राहता येणार नाही. नरम स्प्रिंग माणसाला गाडीवरून उठवत नाही गं, जास्त बसवते. रस्त्यावर ती गोड लागते. त्याचं पत्र तसंच आलंय, गादीवर बसल्यासारखं वाटतं म्हणून. तिचं पितळ उघडं पडतं ते फक्त उंचावरून खाली आदळताना, आणि तेव्हा माणूस हवेत असतो. त्यात यानं नळाचा तुकडा घातलाय, त्यानं तर माझी झोप उडाली. तुकड्यानं स्प्रिंग आधीच दाबली जाते. गाडी ताठ उभी राहते, म्हणून माणसाला वाटतं ताकद आली. तार तीच असते. मोठ्या टेकाडावरून आदळली की वेढ्यावर वेढा बसणार, पुढे जायला जागा उरणार नाही, आणि तो सगळा दणका हँडलमधून त्याला वर फेकणार.

त्याला वेगळं कार्ड टाकलंय. त्यात तुझं नाव नाही, त्याच्या पत्रावरून मलाच शंका आली असं दाखवलंय. मी आठ नंबरच्या नव्या वळतोय. त्या बसल्या की निदान गाडी त्याला दगा देणार नाही. त्याच्या दमाचं तू बघ. भांड, रड, उपाशी बस, तुला जे येतं ते कर. पण स्प्रिंगच्या बाबतीत आडवी येऊ नको.

मामा


(कार्ड)
धुळे, १५ जानेवारी

योगराज, टोमणा नव्हता. तू खरंच हलका झालास असं मी समजलो. तारेचा नंबर वाढला की तार बारीक होते, तुझ्या डेनियरच्या उलट. तुझ्या गाडीत बारीक तार आहे. नळाचा तुकडा आजच काढ, स्प्रिंगाही काढ, गाडीवर बसू नको. नव्या शुक्रवारी २४ तारखेला दुपारच्या गाडीनं सुकलालबरोबर येतील. त्या आल्या तर उतर मैदानात. नाही आल्या तर नाही. मामीची शपथ आहे. कार्ड उघडं टाकलंय, गोपालनंही वाचावं. मामा.


गोडादरा, सुरत
२५ जानेवारी १९९७, शनिवार

ती. मामांना नमस्कार.

हे तुमच्या हातात पडेल तोवर शर्यत होऊन गेलेली असेल, म्हणून मोकळेपणी लिहिते. रागावलात तरी चालेल.

तुमचं कार्ड यांनी दोनदा वाचलं. त्याच दिवशी गोपालभाईंकडे जाऊन स्प्रिंगा काढून आले. गाडी पुढून उघडी करून विटांवर ठेवलीय. मला म्हणाले, "मामांनी शपथ घातली. आल्या तर उतरेन, नाही तर नाही." ते ऐकल्यापासून माझ्या डोक्यात दुसरं काही नव्हतं. तुम्ही आडवी येऊ नको म्हणालात, पण तुमच्याच कार्डानं मला वाट दाखवली.

काल यांची दिवसपाळी होती. मी दुपारीच डेपोत गेले. सुकलालभाऊंना म्हटलं, यांनी पाठवलंय. त्यांनी लगेच पार्सल काढून दिलं. जड होतं, कागदातून तेल झिरपत होतं, माझ्या साडीला एवढा डाग पडला. सुकलालभाऊ बिचारे हळहळले. घरी आणून मी ते ज्वारीच्या कोठीत तळाशी घातलं आणि वरून ज्वारी लोटली.

संध्याकाळी हे पाळी संपवून डेपोतून आले. गाडी येऊन उभी होती, सुकलालभाऊ जेवायला गेले होते, भेटले नाहीत. मला विचारलं, "तू गई व्हती का डेपोमा?" मी नाही म्हणाले. लग्न झाल्यापासून यांच्याशी असं तोंडावर खोटं कधी बोलले नव्हते. भाकरी थापत होते म्हणून वर बघावं लागलं नाही.

आज सकाळी चहा पिता पिता म्हणाले, "नाव काढी टाकसू." इतक्या साध्या आवाजात म्हणाले की मला आधी कळलंच नाही. मग म्हणाले, "दम लागतो सुषमा, तुला ठाऊक आहे." आजवर चप्पल अडकली म्हणायचे, आज पहिल्यांदा खरं बोलले. मी आत जाऊन डोळे पुसले. आता कामरेजला गोपालभाईंना सांगायला गेलेत. तिथेच राहून उद्याची शर्यत बघून येतो म्हणाले. बघू देत की, बघायला काय जातं.

तुमच्या हातचं काम मी ज्वारीत पुरलं, याचं मला वाईट वाटतं. सावकाश यांना सांगेन. उद्या संध्याकाळी पुरण घालणार आहे.

तुमची सून,
सुषमा


कामरेज
२६ जानेवारी १९९७, सकाळ

ती. मामा,

गोपालच्या टेबलावर बसून लिहितोय. समोरच्या शाळेत झेंडावंदनाचा बँड वाजतोय, तुम्ही असतात तर तुम्हालाही ऐकू आला असता.

काल मी नाव काढायलाच निघालो होतो, मामा. खरं सांगतो. घरी तसं बोलूनही निघालो. वाटेत वाटलं, डेपोत एक चक्कर मारावी. सुकलाल गाडी काढायच्या तयारीत होता. म्हणाला, "पार्सल वहिनींच्या हातात दिलं ना काल, तेल लागलं साडीला, मलाच कसंसं झालं."

मी घरी परत गेलो नाही. गेलो असतो तर तिला पुन्हा विचारावं लागलं असतं, आणि तिला पुन्हा खोटं बोलावं लागलं असतं, नाहीतर खरं. दोन्ही मला ऐकवलं नसतं. पोरं काट्यापाशी हसली ते मी गिळलं. पण बायकोनं ठरवावं की हा आता गाडीवर बसायच्या लायकीचा नाही, आणि मुलासारखं मला फसवावं, हे काही केल्या गिळलं जात नाही. मी स्वतःहून सोडत होतो. तिनं ते माझ्या हातून काढून घेतलं. ती माझ्या जिवासाठी करतेय, एवढं कळतं मला. कळूनही राग जात नाही, त्याला काय करू.

तुमच्या बारीक तारेच्याच परत घातल्या. नळाचा तुकडा सहा बोटं केला. गाडी मस्त ताठ आहे. गोपाल घालू देत नव्हता, तुमचं कार्ड त्याच्या भिंतीवर खिळ्याला लावलेलं आहे. त्याला म्हटलं, मामांचा नवा निरोप आलाय, चालेल म्हणाले. मोठं टेकाड मी सावकाश घेईन.

शपथ मोडली ते मामींना सांगू नका. संध्याकाळी घरी जाऊन जेवेन. पार्सलचं नाव काढणार नाही, तिनंही काढू नये.

नंबर पुकारायला लागलेत. पत्र शाळेच्या पेटीत टाकून जातो.

योगराज


धुळे
९ फेब्रुवारी १९९७

चि. सुषमा,

दहावं आटोपून काल इथे पोचलो. गोपालच्या तारेत "सीरियस" लिहिलेलं होतं. तार असली की काय समजायचं ते माणसाला समजतं, तरी सुकलालच्या गाडीत मी आशा धरून बसलो होतो.

तिथे घर माणसांनी भरलेलं होतं. तू दोन-तीनदा माझ्यापर्यंत आलीस आणि कुणाकडे तरी बघून माघारी वळलीस. काय विचारायचं होतं ते मला कळेना. काल दुकान उघडलं तर शटरखाली तुझं पंचवीस तारखेचं पत्र पडलेलं होतं. आता कळलं.

पत्र मी वाचलं आणि भट्टीत टाकलं. तू कुणाला काही सांगायचं नाही. मामीलाही मी बोललेलो नाही. सुकलालला विचारलं. तो म्हणतो, पार्सल दिल्यावर योगराज त्याला भेटलाच नाही, शनिवारी सकाळी तो गाडी घेऊन लवकर निघाला होता. कुणी विचारलंच तर पार्सल वाटेत गहाळ झालं असं तो सांगणार आहे. त्याची तशी तयारी आहे.

मग नाव काढायला गेलेला माणूस उतरला कसा, हे तू स्वतःला विचारत असशील. त्याचं उत्तर सोपं आहे. लहानपणापासून तो असाच. मैदान दिसलं, गाड्यांचा आवाज कानावर पडला की त्याचं ठरलेलं सगळं फिरायचं. इथेही दोनदा नाव काढून तो ऐनवेळी उतरला होता. पोरं हसली असतील, गोपालनं भर दिली असेल. तुझ्यामुळे काही झालं नाही. चूक झाली ती तारेची, आणि तार माझ्या हातून गेली. लोकांना तेच सांग, मी इथे तेच सांगतोय.

त्यानं मला काही लिहिलं होतं का, हे तुझ्या मनात येईल. नाही. शटरखाली तुझं एकच पत्र होतं.

कोठीतल्या पार्सलला हात लावू नको. महिन्याभरानं मी आणि मामी तुला इकडे न्यायला येऊ, तेव्हा मी काढून नेईन. तोवर त्या कोठीतली ज्वारी दळायची नाही, दुसरी आण.

त्याला पार्सलचं काही माहीत नव्हतं, सुषमा. तुझा त्याला राग नव्हता. हे मी खात्रीनं सांगतोय, माझं ऐक, आणि दोन वेळा जेवत जा.

रघुनाथमामा